फोनवाल्या साहेबांची भेट

एसीच्या बटणावर बोट ठेवून तो ॲपवाल्या टॅक्सीचा ड्रायव्हर आरशातून विचारायचा, "मॅडम, चला दूँ?" चेहरा इतका बापुडवाणा, की ऐन मे महिन्यातही माझ्या तोंडून "रहने दो" निघायचं. एसीला लागणारा सीएनजी गॅस त्याच्या खिशातून जळतो, हे अशा गाड्यांत बसणाऱ्या तुम्हालाही ठाऊक असेलच.

दिल्लीतल्या द्वारकेहून गुडगावच्या ऑफिसला जाताना मला बरेचदा त्याचीच गाडी मिळायची. हप्ते फेडून ती एकदाची आपली व्हावी, एवढंच त्याचं मागणं.

मी उतरताना तो आपला फोन माझ्या फोनशेजारी धरायचा. मी दिलेलं भाडं कंपनीचा वाटा कापून त्याच्यापर्यंत पोचताना चांगलंच रोडावलेलं असायचं. मी ओशाळून वर एखादी नोट पुढे केली, की तो हात मागे घ्यायचा.

"बख़्शीश नहीं मॅडम, भाड़ा चाहिए."

"तो माँगो ना किसी से!"

"किससे? फ़ोनवाले साहब कभी दिखे हैं?"

ॲपला तो साहेबच म्हणायचा. साहेब आज खूश आहेत, साहेबांनी उगाच पालमला पिटाळलं. मला हसू यायचं.

मग ड्रायव्हरांनी संप केला. भाडं वाढवून मागायला सगळे कंपनीच्या ऑफिसवर गेले. साहेब भेटणार म्हणून हा मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून गेला होता, हे त्यानंच नंतर सांगितलं.

"मिले साहब?" मी विचारलं.

"गार्ड आया था. काग़ज़ ले गया." मग म्हणाला, "बेचारा वो भी ठेके पर है."

त्या दिवशी मात्र हसू आलं नाही.

भाडं वाढलं नाही. तो पूर्वीपेक्षा जास्त तास गाडी हाकू लागला. सिग्नलला त्याचे डोळे मिटायचे, म्हणून मी काहीबाही बोलत राहायची. पुढे तो दिसेनासाच झाला.

गेल्या महिन्यात फोनवर त्याच्याच गाडीचा नंबर झळकला. मी धावत खाली गेले. स्टिअरिंगवर वेगळाच माणूस होता. हप्ते थकलेल्या गाड्यांच्या लिलावात घेतली म्हणाला. आधीचा मालक कोण, कुठे, त्याला काहीच माहीत नव्हतं.

"पर रखी बड़े प्यार से थी किसी ने," त्यानं डॅशबोर्डवरून हात फिरवला. "बस, मेरी किस्तें निपट जाएँ, फिर अपनी."

मी कसंबसं "बिल्कुल" म्हणाले आणि गुडगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत डोळे पुसत राहिले.