मोकळं कपाळ

बहारीनला सुट्टी शुक्रवारी, म्हणून इथली चर्चंही शुक्रवारीच भरतात. हे गावी सांगितलं की माझी भावजय हसते. "वन्सं, तिकडच्या शेखांनी देवाचा वारसुद्धा बदलला का हो?" म्हणते. हसू दे बापडी. मी नर्स आहे, हूरा भागातल्या एका खासगी दवाखान्यात. राहते माहूजला, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, एकटीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा पुण्यात नोकरी करतो. शुक्रवारी सकाळी चर्चला जाते. तिथली उपासना इंग्रजीत. मल्याळी आणि तमिळ मंडळींच्या त्यांच्या त्यांच्या भाषेतही होतात. मराठी म्हणाल तर मी एकटी. "महाराष्ट्रात पण ख्रिश्चन असतात?" असं तिथलेच लोक मला विचारतात. असतात हो! नगर जिल्ह्यात आमच्या चार पिढ्या गेल्या त्याच विश्वासात.

त्यामुळे वरच्या मजल्यावर एक मराठी बाई राहायला आली तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. पुण्याची, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, नवरा बँकेत. लिफ्टमध्ये फोनवर आईला सांगत होती, "अगं, इथल्या कोथिंबिरीला वासच नाही." मी न राहवून म्हणाले, "हूऱ्यातून आण, तिला असतो." तिने तिथेच माझा हात धरला आणि वर चहाला नेलं.

तेव्हापासून शुक्रवारची संध्याकाळ तिच्याकडे. दवाखान्यात दिवसभर पेशंटशी हिंदी, डॉक्टरांशी इंग्रजी आणि मधूनमधून अरबी यल्ला, खलास. तिची मुलगीसुद्धा तिला इंग्रजीत उत्तरं द्यायची. मग आम्ही दोघी भुकेल्यासारख्या बोलत बसायचो. भाजीपासून नणंदांपर्यंत, काही सोडायचो नाही. ती मला ताई म्हणायची. मी ख्रिस्ती आहे हे तिला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. "मी तर देवबिव काही मानतच नाही," ती म्हणाली, "आपल्याला काय फरक पडतो?" तेव्हा मला ते फार बरं वाटलं होतं.

संक्रांतीला तिने हळदीकुंकू करायचं ठरवलं. तिळगुळाच्या वड्या आम्ही दोघींनी मिळून थापल्या. थापता थापताच मी म्हणाले, "मी येईन गं, पण मला कुंकू लावू नकोस हं." तिने माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मी मोठं दुःख बोलून दाखवलं. "बघू हो ताई," म्हणाली. मला वाटलं, समजली.

कशाची समजते! त्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. चौफेर मराठी, एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. माझे कान तृप्त झाले. तिळगूळ खाल्ला, कुणाच्या साडीला हात लावून पाहिला, कुणाच्या सासूला नावं ठेवली. मग ती हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आपण शिकलेल्या बायका आहोत. विधवांना वगळायची रूढी या घरात चालणार नाही. आज पहिला मान आमच्या ताईंचा!"

टाळ्या पडल्या. एकीने तर डोळे पुसले. आणि कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे आलं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं की लावून घ्यावं. इतक्या प्रेमाने कुणी कितीतरी दिवसांत जवळ घेतलं नव्हतं. पण मान आपोआप मागे गेली.

"नको गं. तुला सांगितलं होतं ना."

"घाबरू नका ताई, इथे कुणी काही म्हणणार नाही. नवरा गेला म्हणून बाईने का मागे राहायचं?"

"नवऱ्याचा काय संबंध? तो होता तेव्हाही मी लावत नव्हते. मी ख्रिस्ती आहे."

तिने बोट मागे घेतलं. ती हळू आवाजात म्हणाली, "पण यात धर्म कुठे आला? आपली संस्कृती आहे ही. याला काही अर्थ नसतो हो."

माझ्या जिभेला कुठलं हाड! "अर्थ नसतो, तर मी नको म्हटल्यावर तुझं तोंड का उतरलं?"

तबक शेजारणीकडे वळलं. मी वाण घेतलं आणि घरी आले.

जे तिथे सांगता आलं नाही ते आता सांगते. आमच्या गल्लीत नवरा मेलेल्या बाईचं कुंकू पुसताना मी लहानपणी पाहिलं आहे. तिचा हंबरडा अजून कानात आहे. माझा नवरा गेला तेव्हा माझ्या कपाळावरून पुसायला काही नव्हतंच. चर्चचे पाळकसाहेब आले, गीत झालं, माती दिली. मी रडले, पण होते तीच राहिले. देवाने माझी किंमत नवऱ्याच्या जिवावर ठरवली नव्हती. जे कुणी माझ्याकडून घेतलंच नाही ते परत द्यायला सगळ्या टाळ्या वाजवत होत्या. आणि ते घेतलं असतं तर माझा देव मी कुठे ठेवला असता?

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "मम्मी, लावून घ्यायचं आणि घरी येऊन धुऊन टाकायचं. एवढं काय त्यात?" तो चर्चला जायचा बंद झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जेवलास का विचारलं आणि फोन ठेवला.

पुढच्या शुक्रवारी वरून निरोप आला, आज जरा कॉल आहे. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाहुणे होते. मग निरोपही येईनासे झाले. एकदा मीच डब्यात पुरणपोळ्या घेऊन गेले. मुलीने दारातच घेतल्या आणि थँक यू म्हणाली. राग मलाही येतो, नाही असं नाही. पण रात्री प्रार्थनेला बसले की तिचंच नाव आधी तोंडात येतं. आता माझं सगळं मराठी देवाच्या वाट्याला. तो ऐकतो, यात मला शंका नाही. पण "मग काय झालं ताई?" असं तो मध्येच विचारत नाही.

परवा लिफ्टमध्ये ती भेटली. दोघीच होतो. "गुड मॉर्निंग," म्हणाली, आणि इमारतीच्या पाण्याच्या टाकीचं काम कधी संपणार ते मला इंग्रजीतून सांगू लागली, माझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांसारखं.

"अगं, माझ्याशी मराठीत बोल की," मी म्हणाले.

ती थांबली. फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय बोलू?" तिने विचारलं.

तिला खरंच सुचत नव्हतं. मलाही सुचलं नाही. दार उघडलं, ती गाडीकडे गेली आणि मी बसस्टॉपकडे.