निकोलिनाच्या घरचा मासा

त्सोनाताईने फोन पिंपात टाकला तेव्हा तो अजून वाजत होता. कोबी मुरवायचं जुनं, तडकलेलं पिंप. वर झाकण, झाकणावर दगड. आतला आवाज बंद पडेपर्यंत कोंबड्या माना वाकड्या करून भोवती उभ्या.

मी कुंपणापलीकडून विचारलं, "काय पुरलंस गं?"

"निकोलिनाचं तोंड," ती म्हणाली.

बाल्कन डोंगराखालच्या आमच्या गावात नावाच्या सणाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्या संताचं नाव, त्याच्या दिवशी दार उघडं ठेवायचं, टेबल मांडायचं. माणसं आपणहून येतात. ही रीत मोडली निकोलिनाने. गावाचा फोनवरचा ग्रुप तिचा. पहाटेपासून फुलं, मेणबत्त्या, चमचमते देवदूत. जेवताना टुंग, चर्चमध्ये टुंग. त्सोनाताई प्रत्येक वेळी विणकाम टाकून बघायची, टाके सुटायचे, डोकं भणभणायचं.

संत दिमितारचा दिवस म्हणजे तिच्या भावाचा, दिमोचा सण. त्या दिवशी ताईचा गुडघा ठणकत होता. निकोलिना म्हणाली, "अगं ताई, हल्ली कोण जातं? चित्र पाठव. हे बघ, इथे दाब." ताईने दाबलं. मग दिवसभर ग्रुपवर दिमोला एवढ्या शुभेच्छा आल्या की तिला वाटलं, भावाच्या घरी आज पाय ठेवायला जागा नसणार. दुसऱ्या दिवशी पोस्टवाली त्याच्याकडे गेली. दिमो टेबलाशी बसल्या जागी गेलेला. ग्लास मांडलेले, एकही उष्टा नाही. ते टेबल शेजारच्या निकोलिनाच्या खिडकीतून सरळ दिसतं.

फोन पिंपात गेल्यावर ताईला गाढ झोप लागायला लागली. चुलीवरचं सूप उतू जायच्या आधी ऐकू यायचं. तिने दोन स्वेटर विणले, एक टाका चुकला नाही.

"शांत वाटतं ना?" मी विचारलं.

"वाटतं की. आता राग नीट ऐकू येतो." आणि ती पुढचा टाका घालायला लागली.

दिमो जाऊन चाळीस दिवस झाले, तेव्हा रीतीप्रमाणे कबरीपाशी उकडलेले गहू वाटले. निकोलिना आली नाही. तिने मेणबत्तीचं चित्र पाठवलं. ते मीच ताईला दाखवलं, आणि दाखवलं याचं मला जराही वाईट वाटत नाही. संत निकोलाचा दिवस, म्हणजे निकोलिनाचा सण, तोंडावर आला होता. ताई गव्हाचं पातेलं घेऊन एकेकाकडे गेली.

"निकोलिनाकडे कुणी फिरकायचं नाही. चित्रं पाठवा. भरपूर पाठवा."

"ताई, पण तिचा तो कार्प..." मी म्हणालो. अक्रोड भरून, कणकेत गुंडाळून भाजलेला मासा. तसा दुसऱ्या कुणाला जमत नाही.

"मरत नाहीस एक दिवस मासा खाल्ला नाहीस तर."

"आणि चित्र तर तूही पाठवलं होतंस."

"पाठवलं होतं. म्हणून तर सोडणार नाही तिला. मी एकटीनेच का जळायचं?"

त्या दिवशी आम्ही तुटून पडलो. मासे, बोटी, दाढीवाले संत. मी तर दुपारी उठून पुन्हा पाठवले. निकोलिनाचं दार सकाळपासून सताड उघडं, डिसेंबरच्या थंडीत. ती दोनदा फाटकापर्यंत येऊन रस्ता बघून गेली. मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

अंधार पडायच्या सुमारास ती ताईच्या अंगणात आली. हातातल्या ताटात अख्खा कार्प, सुरीसुद्धा न लागलेला. एप्रनच्या खिशात टुंग, टुंग.

"ताई, कुणीच आलं नाही गं."

"असं कसं? शुभेच्छा तर ढीगभर आल्या असतील."

"आल्या."

"मग?"

निकोलिनाने ताट पुढे केलं. ताईने तिच्या हातातलं ताट घेतलं नाही.

"दिमोचं दार पण असंच उघडं होतं," ती म्हणाली. "तुझ्या खिडकीतून दिसत होतं."

निकोलिना रडायला लागली. ताईने तिला पोटभर रडू दिलं. मग पिंपावरचा दगड उचलला, झाकण बाजूला केलं आणि हात पुढे केला.

"आण तो फोन इकडे. मग मासा घेऊन आत ये."