घोरणं थांबलं तेव्हा

बाळ माझ्या पायांवरून घसरून न्हाणीत साचलेल्या पाण्यात तोंडावर पडलं होतं, आणि मी पाटावर बसल्या बसल्या घोरत होते.

"अक्का, कूसु! कूसु!" बाळंतिणीची आई कानडीत ओरडत आत आली. कूसु म्हणजे बाळ. तिनं पोरीला उचलून उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या. पोर निळी पडली होती. तोंडातून पाणी आलं, मग बऱ्याच वेळानं रडणं. माझ्या हातात रिकामा तांब्या तसाच होता.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी हुबळीत देशपांडे नगरातल्या घरांतून बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचे. पाय लांब करून बसायचं, बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं, तेल चोळून ऊन पाणी ओतायचं. डोळे मिटून केलं तरी माझा हात चुकत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचे. हात चुकला नाही. पाय ढिले पडले.

"रात्री दरोडे घालतेस काय गं?" त्या बाईनं विचारलं.

"झोपते," मी म्हणाले. खोटं नव्हतं. अंथरुणाला पाठ लागली की झोपत होते, आणि सकाळी डोकं ठणकत उठत होते.

त्या आळीत मला पुन्हा कुणी बोलावलं नाही.

घोरणं आमच्या माहेरचं. मी घोरायचे, थोरला भाऊ घोरायचा. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. नवरा होता तोवर म्हणायचा, "उशाशी पिठाची गिरणी घेऊन कोण झोपेल?" आणि गोधडी घेऊन पडवीत जायचा. घोरतो तो सुखानं झोपतो, अशी आमच्यात समजूत. मग दिवसा पेंगतो का, तर अंगात ताकद नाही म्हणून. ताकद नाही तर खा. ज्या घरी न्हाऊ घालायला जाईन तिथं बाळंतिणीबरोबर मलाही डिंकाचा लाडू आणि तूप-भात. ताकद आली नाही, मान तेवढी जाड झाली. पुढं रक्तदाब आला, साखर आली, पाय सुजले. प्रत्येकाची वेगळी गोळी मिळाली. झोपेचं कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. झोपेचं डॉक्टरला काय सांगायचं?

अण्णा अमरगोळच्या बाजार आवारात हमाल होता. माझी गोष्ट ऐकून तो पोट धरून हसला. "तू बसून तरी झोपतेस. मी पाठीवर पोतं घेऊन झोपतो!"

काही वर्षांनी एका दुपारी भाकरी खाऊन तो मिरचीच्या पोत्यांवर आडवा झाला. बाकीच्या हमालांनी नंतर सांगितलं ते असं : अण्णा इतका घोरत होता की शेजारी बोललेलं ऐकू येईना. मग एकदम थांबला. "हां, आता अण्णांना छान झोप लागली. उठवू नका." झोपलेल्याला उठवणं पाप. माश्या बसू नयेत म्हणून एकानं तोंडावर टॉवेल टाकला. लॉरी भरायला आली तेव्हा हलवायला गेले, तर अंग गार.

दिवसकार्य झालं. माझी सून समोर येऊन बसली.

"आत्याबाई, तुमचंही असंच थांबतं. मी हलवते, मग श्वास येतो."

"मग आधी बोलली नाहीस ती?"

"बोलले होते. 'सासूच्या झोपेवर पहारा ठेवतेस का' म्हणालात."

म्हणाले होते खरी.

तिनं मला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मला थोडं आणि तिला जास्त विचारलं. दवाखान्यात एक रात्र अंगाला वायरी लावून झोपवलं. सकाळी तो म्हणाला, "झोपेत तुमचा घसा मिटतो, श्वास बंद पडतो. मेंदू दचकून तुम्हाला जागं करतो, घसा पुन्हा मिटतो. रात्रभर हेच. इतकी वर्षं तुम्ही आडव्या पडलात, झोप झालीच नाही. रक्तदाब हटत नाही तो त्यामुळंच. हृदयही वाढलंय."

"कमी होईल?"

"झालं ते झालं. पुढचं थांबवू."

आता नाकावर मुखवटा आणि नळी लावून झोपते. मशीन हवा ढकलतं, घसा उघडा राहतो. करंट गेला की मशीन बंद पडतं; मग मी उठून भिंतीला टेकून बसते. दिवसा पेंग येत नाही. गोळ्या सुटल्या नाहीत. दोन जिने चढवत नाहीत. न्हाऊ घालायला कुणी बोलावत नाही, आणि बोलावलं तरी मी जाणार नाही.

न्हाणीतली ती मुलगी आता दप्तर घेऊन शाळेला जाताना दिसते. आजी बरोबर असली की तिला रस्त्याच्या पलीकडून नेते.

पाण्यात पडलेली पोर जगली. मी जगले. अण्णा गेला.