इंद्रजीतचे आठ, एकोणीस नव्हे

धर्मपालभाऊ,

तुमच्याबद्दल लिहिते आहे हे कळलं तर तुम्ही विचाराल, "काहून बाई, दुसरं काम नाही काय?" आहे. पण आधी हे.

रायपूरच्या आपल्या बुढापारा मोहल्ल्यात तुम्हाला सगळे रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशन मास्तर म्हणून ओळखतात. मी ओळखते ते समोरच्या घरातून टीव्हीशी भांडणारा माणूस म्हणून. हॉकीची लीग सुरू झाली, रायपूरचा संघ आला, आणि समालोचक काही चुकीचं बोलला की गल्ली ओलांडून तुमचा आवाज यायचा: "खोटं! हा पाचवा पेनल्टी कॉर्नर आहे, चौथा नाही!" मांडीवर वही असायचीच.

त्या हंगामात निरंजन नावाच्या तरुण समालोचकानं एकच पालुपद धरलं होतं: "इंद्रजीत ने नौ मैच में उन्नीस गोल खाए हैं।" इंद्रजीत आपला गोलकीपर. पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं ते संघ शेवटच्या सामन्यानंतरच्या सोमवारी ठरवणार होता, आणि पेपरवालेही तेच एकोणीस छापू लागले होते.

तुम्ही वही घेऊन माझ्या दारात उभे राहिलात. "बाई, पोट्ट्याचं करिअर जाऊन राहिलं. अर्ध्या खेळानंतर गोलकीपर बदलते, हे याले दिसतच नाही. दोघंही हेल्मेटमधी. हा संघाच्या यादीतलं पहिलं नाव वाचते अन् सगळे गोल त्याच्याच माथी मारते."

"तुमचा कोण लागतो तो?"

"कोणी नाही. कोणी लागलं तरच खरं बोलाचं काय?"

मी चष्मा लावला आणि वही हातात घेतली. 

वहीत डावं पान इंद्रजीतचं, उजवं दुसऱ्या गोलकीपरचं. तुम्ही एकेक गोल वाचणार, आणि मी मोबाइलवर सामन्याचं रेकॉर्डिंग पाहून तोच गोल तुम्हाला परत म्हणून दाखवणार. ही रेल्वेची सवय. पुढचं स्टेशन निरोप जसाच्या तसा परत म्हणत नाही, तोवर गाडी सोडायची नाही. मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला, पण बारा गोलांनंतर माझा धीर सुटला. न पाहताच "बरोबर, पुढे" म्हणत गेले. हिंदीतलं पत्रही मीच लिहिलं: इंद्रजीतचे सात, दुसऱ्याचे बारा. शनिवारी सकाळी तुमच्या फोन नंबरासकट निरंजनला ईमेल केलं.

दुपारी निरंजनचा फोन. "अंकलजी, छठे मैच का दूसरा गोल हाफटाइम से पहले हुआ था। इंद्रजीत ही खड़ा था। रिश्तेदार है क्या आपका?"

तुमचा चेहरा उतरला. एक गोल चुकून उजव्या पानावर गेला होता, आणि मी रेकॉर्डिंग पाहिलंच नव्हतं. मी तसं सांगितलं, वर म्हटलं, "सात काय नि आठ काय! एकोणीस तर नाहीत ना?"

"मंग त्याच्यात अन् आपल्यात फरक काय राहिला, बाई?"

पहिल्या गोलापासून पुन्हा बसवलंत. एकोणीसच्या एकोणीस. ह्या वेळी मी डोळे फोडून पाहिले. दुसरं पत्र तुम्ही तोंडी सांगितलंत आणि पहिलंच वाक्य असं: "मेरी गिनती में एक गोल की गलती थी, आपने सही पकड़ी।" त्याखाली आठ आणि अकरा, मिनिटांसकट. आपली चूक वर कशाला, खाली घाला, असं मी दोनदा सांगितलं. ऐकाल तर शपथ.

रविवारी शेवटचा सामना सुरू होताच निरंजन माईकवर म्हणाला, "मैं पूरे सीज़न गलत बोलता रहा। इंद्रजीत के आठ हैं, उन्नीस नहीं। बुढापारा के धर्मपालजी ने एक-एक गोल जाँचकर भेजा है।"

तुम्ही मान डोलावून टीव्हीला उत्तर दिलंत, "हव." बस, एवढंच.

सोमवारी संघानं इंद्रजीतला ठेवलं. पत्रामुळे ठेवलं की खेळामुळे, कोण जाणे. तुम्ही म्हणालात, "खेळामुळेच. आपण फक्त मधात पडलेला दगड उचलला."

त्याच दिवशी तुम्ही ठरवलंत, निरंजनला भेटून यायचं. "माईकवर चूक कबूल करते, असा माणूस पाहून याले पाह्यजे." त्याचा स्टुडिओ नवा रायपुरात. तिकडे बस कमी, म्हणून गुरुवारी सकाळचीच धरायची ठरली. गुरुवारी तुमचा गुडघा धरला. पुढच्या गुरुवारी माझ्या मोतीबिंदूची तारीख निघाली. मग ऊन तापलं, मग नवा हंगाम आला. निरंजन आता दर सामन्याआधी फोन करतो, "अंकलजी, ज़रा ये आँकड़ा देख लीजिए," आणि फोन ठेवताना विचारतो, कधी येताय? "गुरुवारी," तुम्ही ठणकावून सांगता. आपण अजून गेलेलो नाही.