नितेशच्या बोटीचं चार्जिंग

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. साकोलीत हायवेला लागून माझं सोलरचं दुकान आहे. शेतातले पंप, छतावरचे पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर... हेच माझं काम. "इन्व्हर्टर आपोआप सुरू होते, घरात काहीतरी आहे" असं सांगणारं गिऱ्हाईक वर्षातून एखादं तरी येतंच. मी जाऊन पाहतो तर कुठेतरी उंदरानं वायर कुरतडलेली असते. वीज कुठून तरी आल्याशिवाय मीटरवर दिसत नाही, एवढं मला पक्कं माहीत. म्हणूनच हे कोणाला सांगायची इतके दिवस हिंमत झाली नाही.

माझा लहान भाऊ नितेश. साकोलीजवळच्या आमच्या गावच्या तलावात पोहायला शिकला आणि तिथून थेट नेव्हीत गेला. नोकरी संपल्यावर गावात काही रमला नाही. आता तो शिडाच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवून देतो. मालक विमानानं जातात, बोट नितेश नेतो.

मागच्या हिवाळ्याच्या सुरुवातीला, आमच्याकडे धानाची कापणी चालू होती तेव्हा, पुण्याच्या एका रिटायर्ड डॉक्टरांची बोट त्याला कोचीहून गोव्याला न्यायची होती. सोबत जोसेफ नावाचा त्याचा जोडीदार. बोटीवर दोन सोलर पॅनल, एक छोटी पवनचक्की आणि नवीकोरी लिथियम बॅटरी. निघायच्या आधी नितेशचा फोन आला.

"दादा, बॅटरी नवीन बसवली आहे, मले तिचा भरवसा नाही. बोटीवर सॅटेलाइटचं नेट आहे. तुले ॲपचा पासवर्ड पाठवतो. तू पाहत जाजो, काही गडबड दिसली तर सांगजो."

झालं, मी दुकानात बसल्या बसल्या अरबी समुद्रातली बोट पाहू लागलो. ऊन किती वॅट, वारा किती वॅट, बॅटरी किती टक्के, खर्च किती. समुद्र मी एकदाच पाहिलाय, तोही लांबून. पण त्या चार आकड्यांवरून भाऊ काय करून राहिला ते मला कळायचं. रोज सकाळी ऊन जरा चढलं की खर्चाचा आकडा एकदम उडी मारायचा आणि थोड्या वेळानं खाली यायचा. ती इलेक्ट्रिक किटली. मायला एकदा हे सांगितलं, मग काय विचारता! रोज सकाळी स्वतःचा कप हातात घेऊन ती माझ्या बाजूला येऊन बसायची.

"पोरानं चहा मांडला का गा?"

"मांडला."

मग ती आपला कप तोंडाला लावायची.

मंगळूरच्या पुढे गेल्यावर हवामान बिघडलं. दुपारीच ऊन शून्यावर आलं आणि पवनचक्कीचा आकडा वेड्यासारखा वर चढायला लागला. मी मेसेज टाकला, "चक्कीचा ब्रेक लाव." त्यानं "हाव" एवढंच पाठवलं. संध्याकाळच्या सुमारास स्क्रीन राखाडी झाली. ऑफलाइन.

डॉक्टरांना फोन लावला. तेही तीच स्क्रीन पाहत होते. म्हणाले, "तटरक्षक दलाला कळवलंय. अँटेना गेला असेल, घाबरू नका." त्यांचाच आवाज कापत होता.

सकाळी माय कप घेऊन आली. मी तिला काय सांगू? तिचं मन राखायला म्हणून ॲप उघडलं... आणि ऊन दिसलं! थोडंच होतं, पण होतं. बॅटरी अर्ध्याच्या खाली. आणि आम्ही दोघं पाहत असतानाच खर्चाच्या आकड्यानं उडी मारली.

"मांडला वाट्टे," माय म्हणाली आणि कप तोंडाला लावला.

मी अंगणात पळत जाऊन डॉक्टरांना फोन केला. "सर, बोट ऑनलाइन आली!"

त्यांनी आपली स्क्रीन पाहिली. मग म्हणाले, "माझ्याकडे ऑफलाइनच आहे हो."

त्यांनी फोन बंद करून चालू केला, लॅपटॉपवर पाहिलं. काहीच नाही. मी स्क्रीनशॉट पाठवले. ॲपवाल्या कंपनीच्या माणसानं सांगितलं की बोटीकडून काहीच येत नाहीये, तुमच्या फोनमध्ये जुनाच डेटा अडकला असेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण जुना डेटा रोज नवा कसा होईल? एक दिवस ढग असायचे, एक दिवस कडक ऊन. बॅटरी दिवसभर हळूहळू भरायची, संध्याकाळनंतर उतरायची. आणि सकाळी किटली.

शोध चालू होता, बोट सापडत नव्हती. मग किनाऱ्याकडे बोटीवरचा लाल फ्लोट, बुडताना धरायचा तो, वाहून आल्याची बातमी आली. दुसऱ्याच दिवशी नातेवाईक यायला लागले. साकोलीचे मामा आले, लाखनीहून आत्या आली, दारातच हंबरडा फोडला. मायनं तिला थांबवलं.

"कायले रडून राहिली वं? सकाळी चहा पेला त्यानं."

आत्या माझ्याकडे पाहू लागली. माझी बायको रजनी मला आत घेऊन गेली.

"तुम्ही मायले खोटं दाखवून राहिले का?"

"तूच पाय." मी फोन तिच्या हातात दिला. तिनं पाहिलं आणि तो गरम असल्यासारखा खाली ठेवला. "मले नका दाखवू हे," म्हणाली.

मला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं. दुकान उघडायचो आणि शटर अर्धंच ठेवून परत घरी यायचो. रोजचे ग्राफ एकाखाली एक लावून पाहत बसायचो. असंच पाहता पाहता एक गोष्ट लक्षात आली. पॅनल रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा जरासं उशिरा जागं होत होतं, आणि संध्याकाळीही तेवढंच उशिरा झोपत होतं. नुसत्या हिवाळ्यामुळे सूर्य उशिरा उगवला असता तर मावळलाही लवकर असता; दोन्ही उशिरा म्हणजे बोट पश्चिमेला सरकते. सोपं आहे.

डॉक्टरांना सांगितलं. म्हणालो, "सर, तुम्हाला मी वेडा वाटत असेन. पण बोट किनाऱ्याकडे नाही, आत चालली आहे. लक्षद्वीपच्या अंगाला."

ते म्हणाले, "वेडे तर वेडे. माझ्याकडे दुसरं काय आहे?" आणि त्यांनी ते पुढे कळवलं.

नितेश आणि जोसेफ सापडले. लक्षद्वीपच्या अलीकडे मासेमारीच्या एका बोटीला दिसले. आमच्या निरोपामुळे की नशिबानं, कोणी सांगू शकत नाही. माझा फोन वाजला तेव्हा मी दुकानात होतो. समोर गिऱ्हाईक उभं होतं आणि मी काउंटरवर डोकं ठेवून रडत होतो.

नितेश घरी आला तेव्हा अर्धा झाला होता. ओठ फाटलेले, सालपटं निघालेली. मायनं त्याला डोळे भरून पाहून घेतलं, मग आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. मी त्याला ग्राफ दाखवले. बॅटरी कशी टिकली, पॅनल कसे चालत राहिले, मला ऐकायचं होतं.

त्यानं ते बोटानं वर-खाली सरकवून पाहिले.

"दादा, हे कोणत्या बोटीचं होय?"

"तुझ्याच."

"त्या पहिल्याच संध्याकाळी बॅटरीच्या खणात पाणी घुसलं. धूर निघून राहिला होता, आग लागली असती. मी आन् जोसेफनं वायरी कापल्या आन् बॅटरी समुद्रात फेकून देली. डोलकाठी पडली तिनं पॅनलची फ्रेमच उपटून नेली. चक्की पण गेली. आमच्याजवळ टॉर्चसुद्धा नव्हता."

"आन् किटली?"

"कायची किटली? पावसाचं पाणी शिडात धरून पेत होतो."

मी स्क्रीन बंद केली. त्यानं विचारलं, "मायनं पाहिलं हे?"

"रोज."

"तिले नको सांगू."

पुढे डॉक्टरांनी ओढून आणलेल्या बोटीचे फोटो पाठवले. बॅटरीचा खण रिकामा, कापलेल्या वायरी लोंबत होत्या. वर पॅनलच्या जागी चार भोकं. कंपनीच्या रेकॉर्डमध्ये त्या संध्याकाळनंतर कोरं आहे. माझे स्क्रीनशॉट मात्र माझ्याकडे आहेत, डॉक्टरांकडेही आहेत. त्यांनी दोन इंजिनिअरना दाखवले. एकानं सांगितलं की दुसऱ्याच कुठल्या बोटीचा डेटा माझ्याकडे आला असेल. असेल. पण मग ती दुसरी बोटही माझ्या भावासोबतच पश्चिमेला वाहत होती का? दुसरा इंजिनिअर हसला आणि त्यानं विषय बदलला. मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

गेल्या महिन्यात नितेश पुन्हा निघाला. माय नको म्हणत होती, रजनी नको म्हणत होती, पण तो ऐकणारा नाही. बॅग भरताना म्हणाला, "दादा, या बोटीवर पण तसंच ॲप आहे. पासवर्ड देऊ का?"

मी नको म्हणालो.

त्यानं बॅगेची चेन लावली. आता सकाळी माय कप घेऊन बाजूला येऊन बसते आणि मी तिला सांगतो की या बोटीवर नेट नाही. खोटं बोलतो. पण तो ठीक आहे असं स्क्रीननं दाखवलं तर मी त्यावर विश्वास ठेवायचा की नाही... हे मला अजून ठरवता आलेलं नाही.