चाकणच्या बाजारातली फळी

पन्नासच्या दशकात चाकणच्या बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नसत. गिऱ्हाईक दलालाच्या उपरण्याखाली हात घाली आणि त्याची बोटं दाबून आकडा कळवी. दलाल मग तसाच हात बैलवाल्याशी मिळवी आणि आकडा थोडा कमी करून सांगे. मधल्या फरकाला बाजारात कसब म्हणत. माझे वडील चिंचवडहून दर शनिवारी तिथे जात. ते फार कसबी मानले जात.

एके दिवशी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, हात लोंबत राहिला. बोटं आखडू नयेत म्हणून पुण्याच्या डॉक्टरांनी कोपरापासून बोटांपर्यंत एक लाकडी फळी बांधायला दिली. तिला चामड्याचे पट्टे होते, आणि हात पेलायला गळ्यात झोळी. बोटांना स्पर्श कळत नव्हता. डॉक्टरांनी धंदा विचारला, तेव्हा वडील म्हणाले, "बोलायचा." खोटं बोलण्यापुरती जीभ शाबूत होती.

डाव्या हाताचा सौदा कोणी धरत नसे. त्यामुळे बाजारात परतले ते फळीसकट. पहिल्याच गिऱ्हाइकाने उपरण्याखाली हात घातला. बराच वेळ गेला.

"धरलं का?" वडिलांनी विचारलं.

"कवाच धरलंय की! आता फळी दाबू का बोटं?"

आजूबाजूचे हसले. शेजारचा दलाल म्हणाला, "राव, पिंपरीला औषधाचा कारखाना उभा ऱ्हातोय. तिथं पहारेकरी व्हा. दांडकं बांधलेलंच हाय."

सौदा गेला असता तर पुढच्या शनिवारी कोणी विचारलं नसतं, हे वडिलांना कळत होतं. ते म्हणाले, "बोटं ऱ्हाऊ दे. तोंडानं सांग."

गिऱ्हाइकाने आकडा मोठ्याने सांगितला. बैलवाला मावळातला शेतकरी होता, शेजारीच उभा होता. आपल्या बैलाला खरोखर काय मिळतं, हे त्याने आयुष्यात प्रथमच ऐकलं.

"एवढं?" तो म्हणाला.

पुढच्या बाजारी बैलवाले 'फळीवाले दलाल कुठं बसत्यात' असं विचारत आले. दलाली आता सर्वांसमक्ष ठरे. ती कमी होती, पण जनावरं पूर्वीपेक्षा जास्त. इतर दलाल म्हणाले, यानं धंदा नासवला. बैलवाले म्हणाले, असा सचोटीचा माणूस पाहिला नाही. वडिलांनी ही कीर्ती विनातक्रार स्वीकारली.

थंडीत बोटांना स्पर्श कळू लागला. अंगठा हलला. डॉक्टर म्हणाले, आता फळी सोडा, हात वापरा, नाहीतर सांधे धरतील. आईने आळीत साखर वाटली. वडील दोन घास कमी जेवले.

शनिवारी पहाटे त्यांनी फळी मागितली.

"अवं, डाक्टर काय म्हनले? हाताचं लाकूड हुईल."

"हात बरा दिसला तर उपरणं पसरावं लागंल. मग माज्याकडं कोण येतंय?"

आईने तोड काढली. इतर दिवशी त्यांनी त्या हाताने कणीक मळायची, बाजारादिवशी फळी. वडील कणीक मळत, दार लावून. हात सुधारत गेला, आणि बाजारात त्यांची विचारपूस वाढत गेली.

पट्टे आईच बांधी. "आवळू का आणखी?"

"नको, रगत फिरू दे. झोळी तेवढी सदऱ्यावरनं घे. लांबनं दिसली पायजे."