माकडांसाठी चार दिवसांची मुदत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मानववंशशास्त्राच्या सरांनी मला प्रकल्प दिला. माकडांची एकच टोळी पंधरा दिवस पाहायची आणि ती काय करते ते वहीत लिहायचं. हाकलायचं मात्र नाही. देवगडच्या एका बागायतदार काकांनी मला त्यांच्या हापूसच्या बागेत बसू दिलं, वर रोज जेवूही घातलं.

अकराव्या दिवशी माकडांनी आंब्यांनी लगडलेलं एक कलम निम्मं रिकामं केलं. दुसऱ्या सकाळी काकांनी बागेच्या राखणदार देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. ते मागणं मागणार आणि मागे उभ्या असलेल्यांनी होकार भरायचा, अशी रीत. मागे दोन गडी होते आणि मी.

"बा देवा महाराजा, ही माकडां आजच्या आज हयसून जांवदेत!"

"व्हय महाराजा!" गडी ओरडले. दोघेच.

काका वळले. "तुझी वाचा बसली काय रे?"

"काका, ती गेली तर माझो प्रकल्प बुडतलो. अजून चार दिवस आसत."

"तू माझ्या बाजूचो की माकडांच्या?"

"तुमच्याच. पण पास माकडांमुळेच होतलंय."

काकांनी कपाळाला हात लावला आणि पुन्हा देवाकडे तोंड केलं. "महाराजा, माकडांका चार दिवस ऱ्हवांदे, पण त्या कोपऱ्यातल्या रायवळ आंब्यावर. पाचव्या दिवशी त्येंका शेजाऱ्याच्या बागेत धाड!"

गड्यांच्या आधी मीच ओरडलो, "व्हय महाराजा!"